से कॅथेड्रल पाहावयास जाण्यापूर्वीं

येत्या हिंवाळ्यांत वरच्या वर्गांची सहल जुन्या गोव्यास न्यावयाची आहे. बेत आखण्याचें काम माझ्याकडे आलें असल्यामुळें, जें वर्गांत थोडें थोडें सांगावयाचें तें या अंकांत एकत्र लिहून ठेवीत आहें. विद्यार्थ्यांस त्याची उजळणी होईल आणि आपलीं मुलें काय पाहावयास चाललीं आहेत हें पालकांसही कळेल.

सहल म्हटली कीं एका दिवसांत दहा ठिकाणें उरकण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. मुलें गाडींतून उतरतात, धांवत आंत जातात, धांवत बाहेर येतात, पुन्हां गाडींत बसतात. आणि घरीं आल्यावर ‘काय पाहिलें?’ असें विचारलें तर गाडींत कोण कोणाशेजारीं बसलें होतें एवढेंच सांगूं शकतात. यंदा तसें करावयाचें नाहीं. एका सबंध दिवसांत आपण मुख्यत्वें एकच इमारत पाहणार आहों, ती म्हणजे से कॅथेड्रल. तिच्या जोडीला दुपारीं नदी ओलांडून एक देऊळ पाहावयाचें आहे. तें कां, हें पुढें सांगतों.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. कॅथेड्रल म्हणजे मोठें चर्च असा पुष्कळांचा समज असतो. ‘कथेद्रा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आसन किंवा खुर्ची. ज्या चर्चमध्यें बिशपाचें आसन असतें तें कॅथेड्रल, मग इमारत लहान असो कीं मोठी. पोर्तुगीज भाषेंतील ‘से’ हा शब्दही लॅटिनमधील आसनवाचक शब्दापासूनच निघालेला आहे. संस्कृत शिकणाऱ्या मुलांनीं येथें आपला ‘पीठ’ हा शब्द आठवावा. शृंगेरीचें पीठ म्हणतांना आपल्या मनांत जो अर्थ असतो त्याच्या जवळचाच हा अर्थ आहे. गोव्यास बिशप नेमण्याचें १५३३ मध्यें ठरलें आणि १५५७ मध्यें त्या आसनास आर्चबिशपाची पायरी मिळाली. आरंभीं त्याची सत्ता आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापासून थेट चीनपर्यंत मानली जात असे. इतक्या अफाट मुलखाचा धर्माधिकारी जेथें बसणार, तेथें इमारतही त्याच मानाची हवी असें पोर्तुगालच्या राजास वाटलें, यांत नवल नाहीं.

ही इमारत सेंट कॅथरीन या संत स्त्रीच्या नांवें अर्पण केलेली आहे. ती इजिप्त देशांतील अलेक्झांड्रिया शहरची. कथा अशी कीं, तिनें पन्नास पंडितांशीं वाद करून त्यांस निरुत्तर केलें. सम्राटानें तिला खिळ्यांच्या चाकावर घालण्याची आज्ञा केली, तों तें चाकच मोडलें. शेवटीं तिचा शिरच्छेद करण्यांत आला. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून ती सिद्ध झालेली नाहीं. तरी ती ठाऊक असावी, कारण मुख्य वेदीमागें जो भव्य सोनेरी पट आहे त्यावर याच चरित्रांतील प्रसंग दाखविलेले आहेत. ज्यास कथा ठाऊक नाहीं त्यास तेथें नुसतें सोनें दिसेल. मुलींच्या वर्गानें ही कथा विशेष लक्षांत ठेवावी. पंडितांस निरुत्तर करणारी नायिका कथांत वारंवार भेटत नाहीं.

परंतु गोव्यानें हिचीच निवड कां केली? तिचा सण २५ नोव्हेंबरला येतो. १५१० सालीं याच दिवशीं आफोन्सो द आल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशाहीकडून हें शहर घेतलें. त्याच वर्षीं आधीं एकदां तें त्याच्या हातीं येऊन गेलें होतें. या वेळीं तें कायमचें आलें. त्या विजयानंतर शहरांतील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, आणि ती आल्बुकर्कनें आपल्या राजास पत्र लिहून स्वतः कळविली आहे. म्हणून दारापाशीं उभें राहतांच एवढें ध्यानांत घ्यावयाचें कीं, या नांवांत एक संत आहे आणि एका लढाईची तारीखही आहे. दोन्ही एकाच वेळीं मनांत धरणें सोपें नाहीं. सहलीचा अर्धा अभ्यास तोच आहे.

बांधकाम राजा सेबास्तियन याच्या कारकीर्दींत १५६२ सालीं सुरू झालें आणि मुख्य इमारत १६१९ मध्यें पुरी झाली. आंतील वेद्यांचें काम तर १६५२ पर्यंत चाललें होतें. नुसत्या इमारतीस सत्तावन्न वर्षें! वीस वर्षांचा एखादा गवंडी पायाच्या कामावर लागला असेल, तर छत पुरें होतांना तो सत्त्याहत्तर वर्षांचा व्हावयाचा. इतकें आयुष्य त्या काळीं कितीकांस लाभत असेल? मध्यंतरीं राज्यही बदललें. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचें सिंहासन स्पेनच्या राजांकडे होतें. म्हणजे एका घराण्यानें आरंभलेली इमारत दुसऱ्याच घराण्याच्या अमलांत उभी राहिली. तिची लांबी सुमारें २५० फूट व रुंदी सुमारें १८१ फूट आहे. हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. गणिताच्या तासाला आपण क्रीडांगणावर तेवढें अंतर टेपनें मोजून चार कोपऱ्यांस चार मुलें उभीं करूं, म्हणजे आंकड्यांचा अर्थ आपोआप कळेल.

दगड जांभा आहे. कोंकणांतून आलेल्या मुलांस जांभ्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तो खाणींतून निघतांना मऊ असतो, हवेंत कठीण होतो. परंतु सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी पितो. म्हणून जुन्या कारागिरांनीं त्यावर चुन्याचा गिलावा दिला आणि तो वरचेवर नवा करण्याची रीति ठेवली. से कॅथेड्रल पांढरें दिसतें तें त्यामुळें. रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझूसची बॅसिलिका मात्र उघड्या तांबड्या दगडाची दिसेल. ती मूळची तशी नाहीं. तिच्या बाहेरील गिलावा १९५० नंतरच्या दशकांत काढून टाकण्यांत आला, तेव्हांपासून पाऊस तिचा दगड खात आहे आणि जाणत्यांस तिची काळजी लागून राहिली आहे. गिलावा म्हणजे केवळ रंगरंगोटी असें ज्यांस वाटतें त्यांनीं या दोन भिंती एकामागून एक पाहाव्या. विज्ञानाच्या वहींत यावर चार ओळी प्रत्येकानें लिहावयाच्या आहेत.

कॅथेड्रलची दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे. म्हणून आपण सकाळींच पोहोंचलें पाहिजे. दुपारनंतर ती सावलींत जाते आणि भिंतीवरील उठाव सपाट दिसूं लागतात. समोरच्या पटांगणांत आपण अर्धा तास बाहेरच थांबणार आहों. कोणीही आंत धांवूं नये. वही काढावी आणि इमारतीची बाह्यरेषा काढावी. चित्रकला येत नाहीं ही सबब चालणार नाहीं, कारण चित्र काढतांना डोळा जें पाहतो तें नुसतें पाहतांना पाहत नाहीं. बाह्यरेषा काढूं लागतांच एक गोष्ट खटकेल. डाव्या हातास चौकोनी मनोरा आहे, उजव्या हातास नाहीं. तेथें तसाच जोडीचा मनोरा होता. तो १७७६ मध्यें कोसळला आणि पुन्हां बांधला गेला नाहीं.

कां बांधला गेला नाहीं? याचें उत्तर इमारतींत सांपडणार नाहीं, शहरांत सांपडेल. ज्या गोव्याची तुलना एके काळीं लिस्बनशीं होत असे, तें अठराव्या शतकांत ओसाड पडत चाललें होतें. साथीचे रोग वारंवार येत. नदी गाळानें भरत होती. पूर्वेकडील व्यापार डच लोकांनीं हिरावून घेतला होता. १७५९ मध्यें व्हाइसरॉयानें आपलें बिऱ्हाड पणजीस हलविलें, आणि १८४३ मध्यें पणजी ही रीतसर राजधानी ठरली. मनोरा पडला तेव्हां तो उभारावयास लागणारीं माणसें, पैसा आणि उमेद हीं तिन्ही त्या शहरांतून निघून गेलीं होतीं. मला विचाराल तर उजव्या हाताची ती मोकळी जागा ही या इमारतींतील सर्वांत बोलकी जागा आहे. सहलीस जाणारे लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

उरलेल्या मनोऱ्यांत घंटा आहेत. त्यांतील मोठीस सोन्याची घंटा म्हणतात. ती कांहीं सोन्याची नाहीं. तिच्या भरदार व गोड नादावरून तिला तें नांव पडलें. ती १६५२ मध्यें कुंकळ्ळी येथें ओतली. या गांवाचें नांव इतिहासाच्या वहींत लिहून ठेवा. १५८३ मध्यें, देवळें मोडली गेल्यामुळें संतापलेल्या कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस व त्यांच्या कांहीं सोबत्यांस ठार मारलें. पुढें पोर्तुगीजांनीं त्या गांवच्या प्रमुखांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून मारून टाकलें. त्या पांच जेझुइटांपैकीं रुडॉल्फ आक्वाविवा हा अकबर बादशहाच्या दरबारीं राहून, तेथें मुल्लामौलवींशीं धर्मचर्चा करून आलेला विद्वान गृहस्थ होता. आज कुंकळ्ळींत दोन्ही बाजूंच्या मृतांचीं स्मारकें आहेत. घंटा वाजली तर ती ऐका, आणि कोणत्या गांवची तें आठवा.

आंत गेल्यावर प्रथम मागच्या भिंतीशीं थांबावें. मधला सोपा उंच व कमानछताचा आहे, दोन्ही बाजूंस त्याहून लहान असे दोन सोपे आहेत, आणि बाजूंच्या भिंतींत आठ लहान प्रार्थनामंदिरें आहेत. गोमंतकांत अशा प्रार्थनामंदिरास कपेल म्हणतात. बाहेरचे खांब साधे व आंतले खांब पानांच्या नक्षीचे आहेत. हा भेद आपल्या आपण शोधून काढावा, मी तेथें दाखविणार नाहीं. सर्व वेद्या मिळून पंधरा आहेत. त्या सगळ्या पाहण्याचा हव्यास न धरतां प्रत्येक तुकडीनें एकच निवडावी आणि तिच्यापुढें दहा मिनिटें घालवावीं. एका कपेलींत ‘चमत्कारांचा क्रूस’ म्हणून प्रसिद्ध असलेला मोठा लांकडी क्रूस आहे. त्यावर १६१९ मध्यें ख्रिस्ताचें दर्शन झालें असें भाविक मानितात, आणि तो क्रूस हळूहळू वाढतो असाही समज आहे. आमच्या वर्गांतील शास्त्रज्ञांनीं फूटपट्टी घेऊन तो मोजावयास जाऊं नये. तेथें लोक आपलीं दुःखें घेऊन आलेले असतात.

बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं मात्र शंका काढावयास हरकत नाहीं. हें कुंड १५३२ सालचें आहे, आणि इमारतीचा आरंभ १५६२ चा. मग कुंड इमारतीपेक्षां तीस वर्षांनीं जुनें कसें? विचार करा. सेंट फ्रान्सिस झेवियर यांनीं याच कुंडांतून बाप्तिस्मा दिला असें सांगतात. झेवियर गोव्यास १५४२ मध्यें आले आणि १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. म्हणजे आपण जी इमारत पाहत आहों ती त्यांनीं कधींच पाहिली नव्हती. त्यांचें शव बॉम जेझूसमध्यें ठेवलेलें आहे, आणि साधारणतः दर दहा वर्षांनीं तें या कॅथेड्रलमध्यें आणून लोकांस त्याचें दर्शन घेऊं देतात; मागील प्रसंग २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळांत झाला.

आतां पालकांच्या प्रश्नांकडे येतों. सहलीची बातमी घरोघर पोहोंचल्यापासून दोन प्रकारच्या पालकांनीं मला गांठलें आहे. पहिल्या प्रकारचे म्हणतात, ‘मास्तर, मुलांस चर्च दाखवावयास नेतां, त्यांत धर्मशिक्षणाचा कांहीं हेतु नाहीं ना?’ दुसऱ्या प्रकारचे, आणि हे बहुधा आमच्याच मंडळीचे, म्हणतात, ‘तेथें गेल्यावर इन्क्विझिशनची गोष्ट निघेल, ती सांगून मुलांचें मन कशाला कलुषित करतां?’

पहिल्यांस माझें उत्तर असें. चर्चमध्यें जाणें म्हणजे तेथील उपासनेंत भाग घेणें होत नाहीं. कोणाही मुलास गुडघे टेकावयास किंवा हात जोडावयास सांगितलें जाणार नाहीं. दुपारीं देवळांत जाऊं तेव्हां ख्रिस्ती मुलांसही तोच नियम. टोपी काढणें, पादत्राणें काढणें, हळू बोलणें, हे ज्याच्या घरीं आपण जातों त्याच्या घरचे शिष्टाचार आहेत आणि ते सर्वांनीं पाळावयाचे आहेत.

दुसऱ्यांस उत्तर देण्यास थोडें अधिक सांगावें लागेल. इन्क्विझिशन म्हणजे धर्मविषयक अपराधांची चौकशी करणारें न्यायालय. तें गोव्यांत १५६० मध्यें स्थापन झालें, १७७४ नंतर थोडीं वर्षें बंद राहिलें आणि १८१२ मध्यें कायमचें उठलें. त्याचा वाडा कॅथेड्रलपासून जवळच होता. आज त्याचा मागमूस उरलेला नाहीं. बाप्तिस्मा घेतल्यावरही जे गुप्तपणें जुना धर्म किंवा जुन्या चालीरीति पाळीत, त्यांच्यावर या न्यायालयाचा विशेष रोख असे. १७३६ च्या एका हुकुमानें तर स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील जुन्या चालीरीति आणि घराशीं तुळस लावणें हींसुद्धां मना केलीं. शार्ल देलों नांवाचा एक फ्रेंच वैद्य या न्यायालयाच्या तुरुंगांत सांपडला होता. त्याला १६७६ च्या जानेवारींत शिक्षा सुनावण्यांत आली, आणि सुटून मायदेशीं गेल्यावर १६८७ मध्यें त्यानें आपली हकीकत छापून प्रसिद्ध केली. त्या दिवशीं सूर्योदयापूर्वीं कॅथेड्रलची मोठी घंटा वाजूं लागली, आणि कैद्यांस अनवाणी चालवीत शेजारच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्यें नेलें, असें तो लिहितो.

हें सर्व मुलांस सांगावयाचें कीं नाहीं? माझ्या मतें सांगितलें पाहिजे. ज्या गोष्टी त्यांस पुढें दुसऱ्या कोणाच्या तोंडून रागाच्या स्वरांत कळणारच आहेत, त्या त्यांनीं आपल्या शिक्षकाकडून, त्या जागीं उभें राहून, तारखांसह ऐकाव्या हें बरें. मी ख्रिस्ती आहें आणि मिशनच्या शाळेंत वाढलों आहें. माझ्या धर्माच्या नांवानें जें झालें तें हिंदु किंवा मुसलमान विद्यार्थ्यापासून लपवून मी त्यास इतिहास शिकवूं लागलों, तर तो पुढें माझ्या इतर शिकवण्यावरही विश्वास ठेवणार नाहीं, आणि तें योग्यच होईल. आमच्यापैकीं कोणी म्हणतील कीं, हें रोमन कॅथलिकांचें कृत्य, आम्हां प्रॉटेस्टंटांस त्याचें काय? त्यांनीं जिनीव्हा शहरांत १५५३ मध्यें मिगेल सर्व्हेटस याला मतभेदासाठीं जिवंत जाळलें, तें कोणाच्या अमलांत, हें पाहावें.

परंतु याच गोव्यांतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं, आणि मराठीच्या शिक्षकास ती टाळतांही यावयाची नाहीं. १५७९ मध्यें थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास आला आणि आयुष्याचीं पुढील चाळीस वर्षें याच मुलखांत राहिला. तो येथील लोकांची भाषा शिकला, तिचें व्याकरण त्यानें लिहिलें, आणि १६१६ मध्यें रायतूर येथें त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या! देवनागरी खिळे नसल्यामुळें तो ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. आपल्या पुराणपरंपरेची घडण घेऊन त्यानें बायबलची कथा सांगितली, आणि ग्रंथाच्या आरंभीं मराठी भाषेची अशी स्तुति केली कीं जन्मानें मराठी असलेल्यांसही ती अभिमानास्पद वाटते. स्टीफन्स वारला १६१९ मध्यें, म्हणजे कॅथेड्रलची इमारत पुरी झाली त्याच वर्षीं. त्याच्या मृत्यूला सत्तर वर्षेंही झालीं नाहींत, तों १६८४ मध्यें व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकावी व आपली भाषा सोडून द्यावी. एकाच राज्यांत, एकाच धर्माच्या छत्राखालीं, एकानें आपल्या भाषेंत पुराण रचलें आणि दुसऱ्यानें ती भाषा बंद करण्याची आज्ञा दिली. ‘पोर्तुगीजांनीं असें केलें’ असें एका वाक्यांत उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास मी त्या उत्तराचे अर्धेच गुण देतों; कोणी केलें, केव्हां केलें, हें त्यानें सांगितलें पाहिजे.

कॅथेड्रलच्या मागें पश्चिमेस सेंट फ्रान्सिसचें चर्च व त्याचा मठ आहे. मठांत आतां पुराणवस्तुसंग्रहालय आहे. तेथें गोव्याच्या व्हाइसरॉयांच्या तसबिरी एका दालनांत ओळीनें लावलेल्या आहेत, आणि त्याच छपराखालीं कदंबकालीन मूर्ति आणि वीरगळही ठेवलेले आहेत. तसबिरी भराभर पाहून वीरगळांपाशीं थांबावें, असें माझें मत आहे. बॉम जेझूसला आपण अर्धा तासच देऊं. १६८३ मध्यें संभाजी महाराजांची फौज जुवें बेटापर्यंत येऊन थडकली, तेव्हां घाबरलेल्या व्हाइसरॉयानें रात्रीं झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड तींत ठेवला, ती जागा ही. पुढल्याच वर्षीं भाषाबंदीचा हुकूम काढणारा व्हाइसरॉय तोच.

दुपारचें जेवण झाल्यावर फेरीबोटीनें मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जावयाचें, आणि बेटाच्या दुसऱ्या टोंकास पुन्हां फेरीबोट धरून नार्व्यास उतरावयाचें. तेथें सप्तकोटेश्वराचें देऊळ आहे. सप्तकोटेश्वर हें कदंब राजांचें आराध्यदैवत. त्याचें मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतें. तें चौदाव्या शतकांत बहामनी फौजांनीं पाडलें. विजयनगरच्या माधवमंत्र्यानें पुन्हां उभारलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें पुन्हां पाडलें. भाविकांनीं लिंग नदीपलीकडे, त्या वेळीं पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर असलेल्या नार्व्यास नेलें. याच सुमारास मंगेश, शांतादुर्गा इत्यादि दैवतेंही अशींच नदी ओलांडून फोंड्याकडे गेलीं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्यें छत्रपति शिवाजी महाराजांनीं करविला, आणि अलीकडे २०२३ मध्यें तें पुन्हां दुरुस्त होऊन खुलें झालें आहे. कॅथेड्रलपुढें हें देऊळ अगदीं लहान दिसेल. तेथें प्रत्येकानें एका कमानीचें चित्र काढावें आणि सकाळीं कॅथेड्रलमध्यें काढलेल्या कमानीशेजारीं तें ठेवून पाहावें. गोव्यांतील पुष्कळ देवळांच्या कमानी, घुमट व खिडक्या यांत चर्चच्या बांधणीचा संस्कार उतरलेला आहे. देव नदीपलीकडे गेले तरी बांधणीची रीति नदी ओलांडून त्यांच्यामागें गेली. हें मुलांच्या डोळ्यांनीं हेरलें तर मला फार आनंद होईल. नच हेरलें तर वर्गांत दाखवीन.

दिवस ठरवितांना कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. पावसाळ्यांत जांभ्याच्या पायऱ्या शेवाळतात, म्हणून तो वर्ज्य. २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरपर्यंत झेवियरच्या सणाची फार गर्दी असते. रविवारीं चर्चमध्यें मिस्सा असते, आणि संग्रहालयाचा सुटीचा वारही टाळला पाहिजे. म्हणून जानेवारीच्या मध्यांतला एखादा कामाचा दिवस आम्हीं मनांत धरला आहे. आगगाडीनें जाणारांस करमळी हें स्टेशन जवळचें. मुक्काम पणजीस राहील, आणि तेथून सकाळीं रायबंदरच्या सेतुमार्गानें जुन्या गोव्यास जाऊं. नदीकांठचा हा सुमारें दोन मैलांचा दगडी मार्ग १६३० नंतरच्या दशकांत बांधलेला असून आजही वापरांत आहे.

खांदे व गुडघे झांकतील असे कपडे, डोक्यावर उन्हासाठीं टोपी (आंत काढावयाची), पाण्याची बाटली, कोऱ्या पानांची वही आणि दोन पेन्सिली, एवढें सामान पुरे. मोबाईल फोन शिक्षकांकडे जमा राहतील व संध्याकाळीं परत मिळतील. त्याबद्दल पालकांनीं मला रागाचीं पत्रें पाठवूं नयेत. खाऊचे डबे गाडींतच ठेवावे. ज्या पालकांस आपल्या मुलास चर्चमध्यें किंवा देवळांत पाठवावयाचें नसेल त्यांनीं तसें दोन ओळींत लिहून कळवावें. तो मुलगा किंवा मुलगी त्या वेळीं बाहेर एका शिक्षकासोबत बसून इमारतीचें चित्र काढील, आणि त्याबद्दल त्यास कोणी कांहीं विचारणार नाहीं. संमतिपत्रें दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यांत वर्गशिक्षकांकडे द्यावीं. कुंड इमारतीपेक्षां जुनें कसें, या प्रश्नाचें उत्तर ज्यांस सुचेल त्यांनीं तें त्याच कागदाच्या पाठीमागें लिहून आणावें.